खड्डे पाडायचे पेट्रोल मशीन : अडकले की रेस सोडा



गळीत हंगाम संपून ऊसतोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या की आपल्या शिवारात दुसरी कामे निघतात. खोडव्याचे बुडखे छाटणे, पाचट सरीत दाबणे, बगला फोडणे ही कामे तर दरसालची. त्यात अलीकडे कुंपणाची भर पडली आहे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या उसाची काय दशा करतो हे आपण पाहतोच. त्यामुळे ज्याला झेपेल तो तारेचे कुंपण करू लागला आहे. कोणी बांधावर नारळ लावतो, कोणी बांबू, कोणी गोठ्याचे खांब उभे करतो. या सगळ्या कामांची सुरुवात खड्ड्याने होते.

पूर्वी हे काम पहार, खोरे आणि घमेले यांवर चाले. मुरमाड रानात दोन गडी दिवस उगवल्यापासून लागले तरी पंधरा-वीस खड्ड्यांच्या पुढे जात नसत. आता पेट्रोलवर चालणारे खड्ड्याचे मशीन गावोगाव आले आहे. कोणी विकत घेतले, कोणी भाड्याने आणतो. जमीन वाफशावर असेल तर दोन फुटी खड्डा मिनिटा-दोन मिनिटांत होतो. मजुराची टंचाई पाहता हे मशीन आपल्या उपयोगाचे आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

मग हा लेख कशासाठी? त्याचे कारण आधी सांगतो.

आम्ही पाहिले आणि गप्प बसलो

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही एका सभासदाच्या रानात खोडव्याची पाहणी करण्यास गेलो होतो. बांधाला कुंपणाचे काम चालले होते. मशीन सालगड्याच्या हातात होते. गडी चांगला तयारीचा, कामाला वाघ. मशीनच्या मुठीवर जो रेसचा खटका असतो त्याला त्याने सायकलच्या ट्यूबची रबरी पट्टी करकचून बांधली होती. आम्ही विचारले, "हे काय रे?" तो हसून म्हणाला, "साहेब, दिवसभर दाबून बोटं भरून येतात. पट्टी बांधली की रेस आपोआप राहते."

आम्हाला ते बरोबर वाटले नाही. पण दुसऱ्या गावी जायची घाई होती. सकाळी सकाळी कोणाच्या कामात कशाला खोट काढा, असे म्हणून आम्ही मोटारसायकलला किक मारली.

दोन तासांनी फोन आला. बांधावर पूर्वी तोडलेल्या बाभळीचे मूळ जमिनीत होते. पाते त्यात अडकले आणि मशीनचे धड गर्रकन उलटे फिरले. डावी मूठ मनगटावर बसली. हात सुटला, पण रेस सुटली नाही, कारण ती बांधलेली होती. मशीन तसेच फिरत राहिले आणि दुसरा तडाखा बरगडीला बसला. जवळ जायला कोणी धजेना. शेवटी मूठ ढेकळात रुतली आणि इंजिन गुदमरून बंद पडले. हे सगळे घडायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

मनगट दोन ठिकाणी मोडले, एक बरगडी मोडली. दवाखान्याचा खर्च सभासदाने केला, तो भला माणूस. पण गडी तीन महिने घरी बसला. घेतलेली उचल अंगावर राहिली, ती वेगळीच. आज हाड जुळले आहे, पण मनगट पुरते वळत नाही. त्याच्या घरी दोन म्हशी आहेत. धार काढायला आता त्याची बायको बसते.

चूक मशीनची नव्हती. गड्याला कोणी नीट शिकवले नव्हते, मालकाने विचारले नव्हते, आणि आम्ही, ज्यांना शेतीचे शिक्षण घेऊन कारखान्याने आपल्या सेवेला नेमले, ते पाहून निघून गेलो. म्हणून त्या दिवशी जे दोन मिनिटे थांबून सांगायला हवे होते ते आज सविस्तर लिहीत आहोत. मशीन चालवणारा बहुधा गडी किंवा घरचा तरुण मुलगा असतो. तेव्हा हा लेख वाचून ठेवून देऊ नये, त्याला वाचून दाखवावा.

यंत्राची ओळख

सुताराचे गिरमिट आपण पाहिले आहे. हे मशीन म्हणजे इंजिन लावलेले मोठे गिरमिट होय. वर लहान पेट्रोल इंजिन, बहुधा ५२, ६३ किंवा ६८ सीसीचे. त्याखाली क्लच आणि गिअरपेटी. त्याखाली वळशावळशाचे पाते, त्याच्या टोकाला अणी आणि दात. पाती ४, ६, ८, १०, १२ इंच अशा मापांची मिळतात आणि त्यांची लांबी साधारण अडीच फूट असते.

इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते. गिअरपेटी ते फेरे कमी करते आणि फेरे कमी झाले की जोर वाढतो. हाच जोर जमीन कापतो. पण पाते दगडात किंवा मुळात घट्ट धरले गेले, की तोच जोर उलटून मशीनच्या धडावर येतो. गंजलेला नट हलत नसताना पान्याला जोर लावला की पाना हातावर उलटतो, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की पान्याला जोर आपण लावतो आणि इथे इंजिन लावते. इंजिनाच्या जोरापुढे मनगटाचा जोर टिकत नाही, गडी कितीही दणकट असो.

पाते वरून पाहिले असता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. ते अडकले की धड त्याच्या उलट फिरते. म्हणजे डाव्या हातातली मूठ आपल्या अंगावर येते आणि उजव्या हातातली पुढे पळते. हे चालवणाऱ्याने मनात पक्के धरावे, म्हणजे मार कोणत्या बाजूने येणार हे आधीच ठाऊक राहते.

आता रेसच्या खटक्याचे. त्याला स्प्रिंग दिली आहे ती उगाच नाही. बोट सुटले की रेस उतरते, रेस उतरली की क्लच सुटतो, क्लच सुटला की पाते थांबते. या मशीनला दुसरा ब्रेक नाही. खटक्याला पट्टी, तार किंवा सुतळी बांधणे म्हणजे ब्रेक काढून भरलेली ट्रॉली उताराला सोडणे. बोटे भरून येतात हे खरे आहे. त्यावर उपाय पट्टी नव्हे, माणूस बदलणे हा आहे. पाच-सहा खड्डे झाले की दुसऱ्याने मशीन घ्यावे. हाताला मुंग्या येऊ लागल्या, बोटे पांढरी पडू लागली तर तेथेच थांबावे.

पेट्रोल आणि ऑईल

बहुतेक मशीन टू-स्ट्रोक असतात. त्यांना वेगळे इंजिन ऑईल नसते, पेट्रोलातच टू-टी ऑईल मिसळावे लागते. किती, ते मशीनबरोबरच्या पुस्तिकेत दिलेले असते. पन्नासास एक लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली, पंचवीसास एक असेल तर ४० मिली. मापाची बाटली वापरावी, अंदाजाने ओतू नये. ऑईल कमी पडले तर पिस्टन जॅम होतो, जास्त झाले तर प्लग काळा पडून मशीन धूर ओकते. फोर-स्ट्रोक मशीन असेल तर उलटे. त्यात पेट्रोल निव्वळ आणि ऑईल वेगळ्या जागी. आपले मशीन कोणते हे भाड्याने आणतानाच विचारून घ्यावे.

येथे आपल्या धंद्याशी जोडलेली एक गोष्ट सांगायला हवी. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आता इथेनॉल असते. २०२५ मध्ये देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचले. ते उसापासूनही तयार होते, आपल्या उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ही आनंदाची बाब आहे. पण इथेनॉलचा स्वभाव पाणी ओढून घेण्याचा. मोटारसायकल रोज चालते, तिची टाकी रिकामी होते आणि भरते. खड्ड्याचे मशीन मात्र आठ दिवस चालते आणि आठ महिने कोपऱ्यात पडून राहते. टाकीत पेट्रोल राहिले की हवेतली ओल त्यात शिरते. ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसते, ऑईल मिसळलेले पेट्रोल वर राहते. पुढच्या वर्षी दोरी ओढली की इंजिन तळाचे बिनऑईलचे पाणचट इंधन ओढते. मग मशीन सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन बिघडते. कार्बोरेटरमध्ये राळ धरते, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात. सबब, लागेल तेवढेच मिश्रण रोजच्या रोज करावे आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

आणखी एक. पेट्रोल थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नये. उन्हातान्हात तहानलेले पोर ती बाटली तोंडाला लावते. पेट्रोलचा डबा वेगळा, झाकणाचा आणि ओळखू येईल असा असावा.

खड्डा कोठे पाडायचा ते आधी पाहा

कुंपण बांधावर करायचे तर पहिला प्रश्न, बांध कोणाचा? हद्दीबद्दल शेजाऱ्याशी बोलणे झाले नसेल तर आधी बोलावे आणि वाद असेल तर सरकारी मोजणी करून घ्यावी. खांब पुरून झाल्यावर उपटायची पाळी येऊ नये.

दुसरी गोष्ट जमिनीखालची. आपल्या शिवारात जमिनीखाली काय नाही? उपसा योजनेची पाइपलाइन, शेजाऱ्याची पाइपलाइन, ठिबकची सबमेन, विहिरीवरच्या मोटरीची केबल. पाइप फुटला तर नुकसान पैशाचे. केबल कापली तर जिवाचे. पाइपलाइन ज्याने पुरली तो म्हातारा घरात असेल तर त्याला बांधावर आणून विचारावे. व्हॉल्व आणि आउटलेट पाहून पाइपची रेघ चुन्याने आखावी आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मशीन लावू नये, तेथे हाताने उकरावे. मोटरीची केबल जवळपास असेल तर काम होईपर्यंत फ्यूज काढून खिशात ठेवावा. रस्त्याकडेला टेलिफोनच्या केबलचे किंवा गॅसवाहिनीचे खांब-फलक दिसले तर संबंधित कार्यालयात विचारल्याशिवाय खड्डा पाडू नये.

तिसरे, मुळे. जुने झाड तोडलेली जागा, बाभळीचे खोड, सीताफळाचे जाळे, अशा ठिकाणी आधी पहार मारून पाहावी. पहार ठणकली तर खांब फूटभर पुढे-मागे घ्यावा. कुंपण त्याने वाकडे दिसत नाही.

खड्डे किती लागतील याचा हिशेब आधी मांडावा. चौरस एक एकर रानाची बाजू सुमारे २०९ फूट, चारी बाजू मिळून ८३६ फूट. आठ फुटांवर खांब धरला तर सुमारे १०५ खड्डे. तेच एक एकर १३२ फूट रुंद आणि ३३० फूट लांब असेल तर घेर ९२४ फूट, खड्डे ११५ च्या वर. भाड्याचे मशीन किती दिवसांसाठी आणायचे ते यावरून ठरते. कमी दिवस धरले की घाई होते आणि घाई झाली की पट्टी बांधली जाते.

अंगावर काय असावे

धोतर, लुंगी, खांद्यावरचा टॉवेल, गळ्यातली माळ, ओढणी, पदर, यांपैकी काहीही लोंबते ठेवून मशीन चालवू नये आणि मशीनजवळ उभेही राहू नये. पात्याने टोक धरले की माणूस ओढला जातो. पँट, अंगासरशी शर्ट, पायात बूट, चपला नकोत. हातात मोजे, डोळ्याला गॉगल, कारण खडे उडतात. कानात बोळे किंवा इअर-प्लग घालावे. मोबाईलची गाणी ऐकत काम करू नये, "थांब" म्हणून ओरडलेले ऐकू येत नाही.

पाते दांड्याला बसवताना जी पिन मिळते तीच वापरावी. ती हरवली म्हणून खिळा घालून वाकवतात. तो बाहेर आलेला खिळाच कपडा पकडतो.

सुरू करण्याची रीत

मशीन मोकळ्या, पाचट नसलेल्या जमिनीवर ठेवावे. नट-बोल्ट आवळलेले आहेत, पिन जागेवर आहे, रेसचा खटका दाबून सोडला की टकदिशी परत येतो, हे पाहावे. परत येत नसेल तर त्या दिवशी मशीन चालवू नये, आधी दुरुस्त करावे. मग पेट्रोलचा फुगा पाच-सहा वेळा दाबावा, चोक लावावा, एका हाताने मशीन घट्ट धरून दुसऱ्या हाताने दोरी आधी हळू, नेट लागला की झटक्याने ओढावी. चालू झाले की चोक काढून मिनिट-दोन मिनिटे तसेच चालू द्यावे.

या वेळी पात्याकडे पाहावे. रेस न देता पाते स्थिर राहिले पाहिजे. फिरत असेल तर एक तर स्लो रेस जास्त आहे, नाही तर क्लचची स्प्रिंग गेली आहे. असे मशीन हातात धरू नये. बंद करण्याचे बटण कोठे आहे आणि ते चालते की नाही, हेही त्याच वेळी दाबून पाहावे. मदतनिसालाही ते दाखवावे.

खड्डा कसा पाडावा

खुणेवर पहारीने वीतभर खोल टोचा मारून घ्यावा, म्हणजे अणी इकडेतिकडे पळत नाही. पाय खांद्याएवढे फाकून, गुडघे किंचित वाकवून, मशीन अंगाजवळ धरून उभे राहावे. दोन्ही मुठी अंगठ्याचा वेढा घालून धराव्यात. मूठ छातीच्या वर येत असेल तर चालवू नये. जादा लांबीचा दांडा जोडायचा असेल तर आधी तेवढा खड्डा पाडून, मशीन बंद करून मग जोडावा.

रेस हळूहळू द्यावी. मशीनवर ओणवे होऊन भार टाकू नये. येथेच बहुतेकांचे चुकते. पहारीच्या कामाची सवय, म्हणून गडी छातीने दाबतो. हे पाते स्वतःच्या वजनाने आणि धारेने उतरते. दाबले की ते स्क्रूसारखे जमिनीत घुसत जाते, वळशांत माती भरते, आणि मग वर येत नाही. अर्धा फूट खाली गेले की मशीन फिरते ठेवूनच वर उचलावे, माती बाहेर पडू द्यावी, पुन्हा अर्धा फूट. दोन फुटांना चार वेळा वर काढलेला गडी शेवटी एका दमात घुसवणाऱ्याच्या पुढे असतो, कारण त्याचे मशीन अडकत नाही.

मदतनीस हवाच, पण त्याने दहा फूट लांब उभे राहावे. पाते फिरत असताना माती हाताने किंवा पायाने सारू नये. पात्याला चिकटलेला चिखल मशीन बंद करूनच काढावा. पोरे, कुत्री, वासरे जवळ येऊ देऊ नयेत.

अडकले तर

हा लेख ज्यासाठी लिहिला तो भाग हाच. पाते अडकल्याची चाहूल आधी कानाला लागते. इंजिनाचा आवाज जड होतो, मुठी डावीकडे ओढू लागतात. त्याच क्षणी :

१. रेस सोडा. जोर वाढवू नका, ओढू नका, आधी रेस सोडा.

२. बटण दाबून इंजिन बंद करा. प्लगची टोपी काढा.

३. वरच्या दांड्याला धरून, किंवा पाइप पान्याने, पाते घड्याळाच्या उलट दिशेने हाताने फिरवा. स्क्रू उलटा फिरवला की निघतो, तसे ते वर येते.

४. तरीही येत नसेल तर बाजूने पहारीने माती मोकळी करा. दोघांनी मिळून सरळ उचला, हिसके देऊ नका.

५. खड्ड्यात हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढलेली आहे हे पुन्हा पाहा. दगड किंवा मूळ पहार-कुऱ्हाडीने काढा, मगच मशीन पुन्हा लावा.

रेस देऊन पाते वर ओढून काढण्याचा प्रयत्न करणे हा मोडलेल्या मनगटाचा सरळ रस्ता आहे.

इतके करूनही इजा झाली तर हात हलू न देता फळीला किंवा जाड पुठ्ठ्याला बांधावा. रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. तेल लावून चोळू नये, ओढून सरळ करू नये. १०८ नंबरला फोन करून सरळ दवाखाना गाठावा.

जमीन पाहून काम

काळी जमीन कोरडी असली की दगडासारखी आणि ओली असली की पात्याला लगद्यासारखी चिकटते. दोन्ही वेळा मशीनला त्रास. वाफसा आला की काम करावे. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि खाली टाकला तर फुटावा, हा वाफसा. मुरमाड रानात आदल्या दिवशी टोचे मारून प्रत्येकी अर्धी बादली पाणी ओतून ठेवावे. कातळ किंवा मोठे गोटे असतील तेथे मशीनचा हट्ट धरू नये, तेथे पहारच खरी. पाते जितके मोठे तितका झटका मोठा. म्हणून कठीण रानात आधी ४ किंवा ६ इंची पात्याने भोक पाडावे आणि मग ८ इंची लावावे.

खांब आणि झाड, खड्डे वेगळे

सात फुटी खांबाला दोन फूट खोली पुरते. कोपऱ्याचे खांब तारेचा ताण धरतात, ते अडीच-तीन फूट पुरावेत आणि त्यांना आतून तिरका टेकू द्यावा. खांब ४ इंची असेल तर ८ इंची पाते घ्यावे, म्हणजे चारी बाजूंनी ठोकायला जागा राहते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते, तिच्यात खांब कलतो. म्हणून त्याच मातीने न भरता मुरूम आणि खडी वीत-वीतभर टाकून पहारीच्या डोक्याने ठोकत यावे. जाता जाता, कुंपणाच्या तारेत घरगुती किंवा मोटरीची वीज सोडण्याचा विचारही कोणी करू नये. तो गुन्हा आहे आणि त्या तारेला डुकराआधी आपलेच माणूस चिकटते.

झाडाचे वेगळे. मशीनचे भोक म्हणजे झाडाचा खड्डा नव्हे. नारळाला तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा लागतो, बांबूला दोन फूट. मशीनने शेजारी-शेजारी चार-पाच भोके पाडावीत आणि मधली माती खोऱ्याने काढून खड्डा पुरा करावा. श्रम तरीही पुष्कळ वाचतात. काळ्या रानात पात्याच्या घासण्याने खड्ड्याच्या भिंती सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यातून मूळ बाहेर जात नाही, पाणी मुरत नाही आणि रोप कुंडीत लावल्यासारखे खुंटते. म्हणून भिंती खुरप्याने किंवा पहारीने खरवडून खडबडीत कराव्यात, मगच शेणखत आणि माती भरावी.

पाडलेला खड्डा उघडा ठेवून घरी जाऊ नये. ८ इंची भोकात बैलाचा पाय गेला तर मोडतो, रात्री पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाचाही. त्याच दिवशी खांब उभा करावा, नाही तर वर दगड-फळी ठेवावी. उद्या जितके खांब उभे होतील तितकेच खड्डे आज पाडावेत.

पाचट आणि सायलेन्सर

खोडव्याच्या रानात मे महिन्यात पाचट कसे वाळलेले असते ते सांगायला नको. चालून तापलेले मशीन पाचटावर टेकवले की सायलेन्सरने ते धुमसते आणि वारा असला की शेजारच्या उभ्या उसापर्यंत जाते. मशीन टेकवायला बांधावर चार-पाच फूट जागा खरडून ठेवावी. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे, विडी-सिगारेट लांब ठेवावी. सांडलेले पुसून, डबा लांब नेऊन मगच दोरी ओढावी. पेट्रोल पेटले तर पाणी मारू नये, ते पसरते. माती टाकावी. दोन घमेली कोरडी माती जवळ असू द्यावी, खड्ड्याचीच असते.

निगा

रोज संध्याकाळी पाते धुऊन, पुसून, तेलाचे फडके फिरवावे. एअर फिल्टर झटकावा, आपल्या रानात धूळ फार. दात झिजले की बदलावेत. बोथट दात म्हणजे जास्त दाब, आणि जास्त दाब म्हणजे अडकणे. गिअरपेटीचे ग्रीस हंगामातून एकदा पाहावे. मशीन भाड्याचे असले तरी आपल्या माणसाच्या हातात आहे, हे विसरू नये.

बंधू-भगिनींनो, मशीन घेताना आपण सीसी विचारतो, भाव विचारतो, एका लिटरात किती खड्डे होतात ते विचारतो. ज्याच्या हातात ते देणार त्याला मात्र काही विचारत नाही, सांगतही नाही. सकाळी त्याला उभे करून "अडकलं तर काय करशील?" एवढे विचारावे. "रेस सोडीन" हे उत्तर आले तरच दोरी ओढू द्यावी.

आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. शिवारात हिंडताना कोणाच्याही मशीनच्या खटक्याला पट्टी किंवा तार बांधलेली दिसली तर आम्ही गाडीवरून उतरून ती काढणार, मालक कोणीही असो, घाई कितीही असो. त्याचा कोणी राग मानू नये. पुढच्या गावी दहा मिनिटे उशिरा पोचलो तर तेथल्या सभासदांनीही सांभाळून घ्यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी